समोरच्या माडीवरचे सर्व्हेवाले: एका झेरॉक्सवालीचा अभिप्राय

यांची माझ्याकडची पहिली ऑर्डर पन्नास फॉर्मची होती. लीगल साइझ, बॅक टू बॅक, आणि दोन्ही बाजूंनी इंग्रजी. २०१४ चा पावसाळा. कागद दमट झाला की माझं जुनं मशीन दर पाचव्या पानाला अडकायचं, आणि त्या दिवशी ते अडकत होतं म्हणून लक्षात आहे. फॉर्म घेऊन आलेली मुलगी काउंटरवर कोपरं टेकून उभी. अडकलेलं पान ओढून काढता काढता मी वाचलं, तर पहिलाच प्रश्न पेडेस्ट्रियन एक्स्पीरियन्सला एक ते पाचमध्ये गुण द्या असा काहीतरी. मी विचारलं, हा कोणाकडून भरून घेणार? म्हणाली, शनिवारी चौकात उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून. मी म्हटलं, अगं मग पन्नास कशाला काढतेस, पाच काढ. पंचेचाळीस तुला तसेच घरी न्यावे लागतील.

दुसऱ्या दिवशी ती मराठी फॉर्म घेऊन आली. तो आणखी भयंकर. "या मार्गावरील आपल्या पादचारी अनुभूतीचे मूल्यांकन करा." मी काउंटरवरचं लाल पेन घेतलं, ते खोडलं आणि वर लिहिलं, "या रस्त्यावरून चालताना कुठे अडतं?" सोमवारी ती परत आली ती उड्या मारतच. लोकांनी भरभरून लिहिलं होतं. गटाराचं वर आलेलं झाकण, लायटीचा डीपी, दुधाच्या क्रेट, बँकेपुढच्या स्कूटर. एका आजोबांनी "कुठे अडतं?" पुढे लिहिलं होतं, "सुनेशी."

तेव्हापासून हे लोक माझे गिऱ्हाईक. आता त्यांच्याबद्दल चार शब्द लिहायचे तर आधी ते करतात काय ते सांगायला हवं, कारण गल्लीत अजून निम्म्या लोकांना ते विमा विकतात असं वाटतं. कार्डावर नावाखाली "लोकसहभाग सल्लागार" असं छापलंय. आम्ही सर्व्हेवाले म्हणतो. महापालिकेला एखादा रस्ता नव्याने करायचा असतो, कोणाला बाग आखायची असते, सोसायटीचा पुनर्विकास निघालेला असतो. अशा वेळी तिथल्या लोकांना काय हवंय ते विचारायचं, भांडणं झाली तर बसून ऐकायची, आणि सगळं नीट लिहून ज्याने काम दिलंय त्याच्यापुढे ठेवायचं, असा हा व्यवसाय. आमचे हे पहिल्यांदा ऐकल्यावर म्हणाले, "विचारायचे पैसे मिळतात? मी घरात तीस वर्षं फुकट विचारतोय."

संस्थेचं नाव लिहीत नाही. मध्यंतरी एका बिलावरून आमचं वाजलं होतं. ते मिटलंय, आणि नाव घालून मला ते परत उकरायचं नाही. कोथरूडातल्यांना कळायचं ते कळेल.

माझं दुकान १९९८ पासूनचं. लोकांना विचारणं हा प्रकार मी कागदाच्या बाजूने बराच बघितलाय. २०१३ च्या उन्हाळ्यात पुण्याच्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या होत्या. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा जाहीर झाला की मुदतीत कोणालाही लेखी हरकत घेता येते. शहरातून ८७ हजारांच्या घरात हरकती गेल्या. त्यातल्या किती माझ्या मशीनमधून निघाल्या ते मोजलं नाही, पण त्या सीझनला मला ड्रम बदलावा लागला. मजकूर तोच, खाली नाव आणि सही तेवढी वेगळी, असे गठ्ठेच्या गठ्ठे. पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा स्वतःकडे घेतला, २०१७ च्या जानेवारीत मंजुरी दिली. मधल्या साडेतीन वर्षांत लोक दुकानात येऊन मला विचारायचे, "काकू, आमच्या त्या हरकतीचं काय झालं हो?" जसं काही सुनावणी मीच घेतली होती. माझ्याकडे काय, पोचपावतीची झेरॉक्स.

तो प्रश्न माझ्या डोक्यात बसलाय, आणि या सर्व्हेवाल्यांना मी गुण देते ते त्याच प्रश्नावर देते. बाकी त्यांचं इंग्रजी, त्यांचे रंगीत नकाशे, मला त्यातलं फारसं कळत नाही. नकाशे छान येतात एवढं खरं, कारण छापते मी.

त्यांची वाढ मला रिमांवरून कळत गेली. सुरुवातीला तिघं होती, समोरच्या इमारतीत पिठाच्या गिरणीवरची खोली. टेबल नव्हतं, चटईवर बसायची. फॉर्म परत जोडायला आणले की पानांवर पिठाचा थर असायचा आणि माझ्या मशीनच्या काचेवर तो उतरायचा. मग २०१५ च्या जूनमध्ये स्मार्ट सिटीची घोषणा झाली. २०१६ च्या जानेवारीत पहिली वीस शहरं निवडली त्यात पुणे दुसरं आलं, आणि "नागरिकांचा सहभाग" हा शब्द रातोरात सगळ्यांच्या तोंडी झाला. आधी जो फॉर्म भरून घ्यायला माणसं लाजायची, तो आता निविदेत अट म्हणून यायला लागला. यांच्याकडे कामं आली. महिन्याला दोन रिम होत्या त्या दहा झाल्या. ए-थ्री रंगीत नकाशे हवेत म्हणाले, म्हणून मी कर्ज काढून रंगीत मशीन घेतलं. माडीच्या दारातल्या चपला मी रोज वर बघून मोजायचे: अकरा जोड, मग सतरा, मग चपला बाहेर काढायची पद्धतच बंद झाली, तेव्हा समजले की ऑफिस झालं.

आता चाळीसेक माणसं आहेत. बाणेरला काचेच्या दाराचं ऑफिस आहे. नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर असं सगळीकडे काम चालतं. ज्या मुलीने पहिले पन्नास फॉर्म आणले ती आज तिथली मोठी मॅडम. समोर आली की अजून "काकू" म्हणते, पण फोन मात्र आधी दुसरंच कोणीतरी उचलतं.

या वाढीत एक दिवस असा होता की हे लोक तिथेच घसरले असते. ते मी स्वतः बघितलं म्हणून लिहिते. एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम होतं, कोणाचं ते मला माहीत नाही. मास्टर कॉपी एक नवा मुलगा घेऊन आला. पाचशे प्रती. मी नेहमीसारखं वाचलं. सहा प्रश्न, प्रत्येकापुढे हो आणि नाही अशा दोन चौकटी, आणि सहाही ठिकाणी "हो"च्या चौकटीत बरोबरची खूण आधीच छापलेली. मी म्हटलं, अरे, हा कोणीतरी भरलेला फॉर्म उचलून आणलास, कोरा आण. तो म्हणाला, नाही काकू, असाच आहे, वरून आलाय. मशीन गरम होत होतं, मी झाकण उघडंच ठेवलं आणि माडीवर फोन लावला. मॅडम खाली आली. फॉर्म बघितला. त्या मुलाला काहीच बोलली नाही, रस्त्यावर जाऊन पंधरा-वीस मिनिटं फोनवर बोलली, परत आली, मास्टर कॉपीचे चार तुकडे केले आणि माझ्या रद्दीच्या डब्यात टाकले. "किती झाले काकू?" मी म्हटलं, काही छापलंच नाही. ते गिऱ्हाईक गेलं. त्यानंतर दोन महिने माझ्याकडचे ए-थ्रीही निम्म्यावर आले, म्हणजे त्यांना ते किती जड गेलं असेल याचा अंदाज येतो. मी तिला विचारलं नाही.

त्याच सुमाराला तिने एक चित्र लॅमिनेट करून घेतलं होतं. शिडी. शेरी अर्नस्टाईन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९६९ साली मांडलेली, लोकसहभागाच्या आठ पायऱ्या. तळाच्या दोन पायऱ्या म्हणजे लोकांना गुंडाळणं आणि त्यांची समजूत घालणं. तिसरी नुसती माहिती देणं, चौथी मत विचारणं, पाचवी बोळवण, सहावी भागीदारी, आणि अगदी वर कारभारच लोकांच्या हातात. मराठी शब्द आम्ही दोघींनी काउंटरवर बसून ठरवले, "बोळवण" माझा. मी विचारलं, तुम्ही कितव्या पायरीवर? म्हणाली, "चौथ्या. चांगला दिवस असला तर सहाव्या." मी म्हटलं, मधली पाचवी? ती हसली, "काकू, तीच तर तुम्ही लिहिलीत ना, बोळवण." ती शिडी आता बाणेरच्या ऑफिसात रिसेप्शनला लावलेली आहे असं ऐकलं. पाचव्या पायरीवर कोणीतरी गणपतीचं स्टिकर लावलंय म्हणे.

पैसे न घेता ते जे करतात त्याबद्दल मात्र माझं मत सरळ चांगलं आहे. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात. फॉर्म भरायचा, क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. काम साधारण पाच लाखांच्या आतलं हवं: पदपथाचा तुकडा, बाक, दिवा, बसथांबा, असं. इतकी वर्षं झाली तरी दहातल्या आठ जणांना हे ठाऊक नसतं, हा माझ्या काउंटरवरचा अनुभव. हे लोक दरवर्षी फॉर्म निघाले की दोन रविवार माझ्या दुकानाच्या पायरीशी टेबल टाकतात. खुर्च्या माझ्या, टेबल त्यांचं, छत्री शेजारच्या रसवंतीवाल्याची. मी प्रती निम्म्या दरात देते. लोक येतात, म्हणतात, आमच्या गल्लीत मेट्रो आणा. तो टेबलावरचा मुलगा न हसता विचारतो, मेट्रोपर्यंत चालत जायला काय अडतं? मग हळूहळू निघतं की कोपऱ्यावर दिवा नाही, आईला संध्याकाळी एकटीला जाववत नाही. "मग दिवा लिहूया." दिव्याचा फॉर्म होतो, खांब कुठे हवा त्याचा नकाशा हाताने काढून होतो. हे काम डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. आमच्या थांब्यालगतचा बाक असाच आलाय. त्या बाकावर मी एकदाही बसलेले नाही, दुकान सोडून जायला होतं कुठे, पण तो दिसतो मला इथून.

आता आमच्या रस्त्याची गोष्ट. इथे मी छापणारी नव्हते, माझ्याच दुकानापुढचा पदपथ होता.

२०२३ च्या सुरुवातीला कळलं की रस्ता नव्याने होणार, पदपथ रुंद होणार. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली, कारभार प्रशासकांकडे, त्यामुळे "भाऊंच्या कानावर घालतो" ही नेहमीची वाट बंद. आणि लोकांशी बोलायचं काम नेमकं यांच्याकडे आलं. मी मनात म्हटलं, बरं झालं, घरचेच आहेत. मॅडमने पहिल्याच दिवशी येऊन सांगितलं, "काकू, या कामात तुम्ही आमच्या कोणी नाही. फॉर्मसुद्धा दुसरीकडे छापतोय." मला राग आला. रात्री जेवताना ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, बरोबरच आहे तिचं. त्याचाही राग आला.

काम त्यांनी मन लावून केलं. सकाळी सात आणि रात्री आठ अशा दोन वेळांना लोकांना घेऊन रस्ता चालले. सकाळी शाळेच्या रिक्षा आणि फिरायला जाणारे आजोबा, रात्री टपरीपुढची पोरं आणि बंद दिवे. एकाच रस्त्याचे दोन रस्ते असतात हे मलाही इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मग सभा. मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सहाला. प्रत्येकाला दोन मिनिटं, वेळ संपली की एक मुलगी स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायची. आमच्याकडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी दोन मिनिटांत विषयावरही येत नाहीत, त्यांच्या वेळी ती वाटी इतक्या वेळा वाजली की मागून कोणीतरी ओरडलं, "आरती सुरू करा."

त्या सभेला भाजीवाल्या मावशी नव्हत्या. माझ्या दुकानाच्या बाजूला पाटी टाकून बसतात त्या. संध्याकाळी सहा ही त्यांची धंद्याची वेळ, त्या सभेला कशा येणार? सेक्रेटरी म्हणाले, रुंद पदपथ करायचा तर आधी हिला उठवा. टेबलावरचा तो मेट्रोवाला मुलगा तिथे होता, तो शांतपणे म्हणाला, काका, २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे, सर्वेक्षण झाल्याशिवाय कोणाला असं उठवता येत नाही. आणि त्या कायद्यातल्या शहर समितीत चाळीस टक्के जागा खुद्द विक्रेत्यांच्या असतात, त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. हॉलमध्ये कुजबुज झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला, ऊन मी म्हणत असताना, त्यांनी मावशींच्या पाटीपाशी दुसरी सभा घेतली. चार भाजीवाल्या, एक चांभार, एक चावीवाला. वाटी-चमचा नव्हता. मावशींनी काय मागितलं? पदपथ नाही, छत्री नाही. नळ. हात-भाजी धुवायला एक नळ.

मग एक दिवस प्रयोग केला. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, गाड्या बंद ठेवून, त्याचा हा छोटा भाऊ. चुन्याच्या रेघा मारून आणि प्लास्टिकचे शंकू ठेवून नवा पदपथ जिथपर्यंत येणार तिथपर्यंत आखला. आधी रविवार ठरला होता. मी म्हटलं, रविवारी सगळेच रस्ते चांगले असतात, बुधवारी करून बघा. ऐकलं त्यांनी. आणि बुधवारी माझा कागदाचा टेंपो आला. थांबायला जागा नाही. ड्रायव्हरने चौकात टेंपो लावला आणि चाळीस रिम, म्हणजे नव्वद किलोच्या वर कागद, त्याने आणि मी चौकातून वाहून आणला. सर्व्हेची एक मुलगी ते सगळं लिहून घेत होती. मी म्हटलं, लिही, आणि एक खोका उचल. तिने उचलला.

अहवाल आला तो अर्थातच छापायला माझ्याकडे आला नसता, पण ज्या दुकानात दिला होता तिथलं स्पायरल बाइंडिंगचं मशीन बिघडलं, आणि बारा प्रती बांधायला माझ्याकडे आल्या. दुसऱ्याचा कागद वाचू नये हे मला कळतं. वाचला. एकशे चाळीस पानं. भोकं पाडता पाडता माझा टेंपो शोधत होते. व्यापाऱ्यांच्या सूचनांत नाही, पार्किंगमध्ये नाही, प्रयोगाच्या दिवशीच्या निरीक्षणांत नाही. शेवटून तिसऱ्या पानावर एक तक्ता होता, त्यात मथळा "इतर", आणि त्याखाली एका ओळीत: "माल चढवणे-उतरवणे, श्वानांचा त्रास, मंडळाच्या मांडवाची जागा, संकीर्ण."

नव्वद किलो कागद. श्वानांच्या शेजारी.

मी बाराही प्रती बांधून ठेवल्या, पैसे घेतले, मग मॅडमला फोन केला. म्हटलं, मी चोरून वाचलाय, त्याबद्दल काय बोलायचं ते बोल, पण माझा टेंपो "इतर"मध्ये कसा? या रस्त्यावर औषधांचं दुकान आहे, किराणा आहे, दूध आहे, सगळ्यांचा माल टेंपोने येतो. तो थांबणार कुठे हे "इतर" असेल तर मग मुख्य काय? ती गप्प राहिली. मग म्हणाली, "आता खूप कामं असतात काकू, वर्गवारी पोरं करतात, मी शेवटची पानं बघितली नाहीत." हेच मला वाढीबद्दल सांगायचंय. तिघं होती तेव्हा शेवटचं पानही तीच बघायची, त्याच्यावर पीठ असलं तरी. दोन दिवसांनी माल उतरवण्याचं स्वतंत्र पान निघालं, कोणत्या दुकानाला दिवसाच्या कुठल्या वेळेला टेंपो येतो त्याच्या वेळापत्रकासकट. बारा स्पायरल सोडून परत बांधले. त्याचे पैसे तिने न मागता दिले आणि मी नको म्हटलं नाही.

रस्ता झाला. ठेकेदाराने दुकानांपुढचा उतार चुकीचा केलाय, व्हीलचेअर सोडा, माझी कागदाची ढकलगाडीही त्यावरून चढत नाही. तो मुद्दा मी यांच्या खात्यावर लिहीत नाही, बांधकाम त्यांचं नाही. दोन गाड्यांपुरती माल उतरवायची जागा मिळाली. आणि रस्ता संपल्यावर तीन आठवड्यांनी हे लोक परत आले. इथे मी त्यांना मानते. काम संपलेलं, बहुतेक पैसेही मिळालेले, परत यायचं काही कारण नव्हतं. एक साधा ए-फोर कागद घेऊन आले. तीन रकाने: तुम्ही काय सांगितलंत, काय झालं, काय झालं नाही आणि का. माझ्या शटरवर चिकटवला, मेडिकलवर, थांब्यावर, मंगल कार्यालयाच्या जिन्यात. माल उतरवायची जागा, झाली. झाडाभोवतीचा कठडा, झाला. बँकेपुढच्या स्कूटर, नाही. बँकेच्या इमारतीत पार्किंगच नाही. नळ, नाही; पाण्याच्या जोडणीला त्या जागी परवानगी मिळाली नाही, पुन्हा अर्ज केलाय. मावशींना वाचता येत नाही, तर सर्व्हेच्या मुलाने खाली बसून तो कागद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "नाही तर नाही. सांगायला आलास ना." मग त्याला गवार घ्यायला लावली.

तो कागद अजून माझ्या शटरच्या आतल्या बाजूला आहे. २०१३ सालच्या लोकांना असा एक कागद मिळाला असता तर मला रोज उठून उत्तरं द्यावी लागली नसती.

आता बिलाचं, कारण धंदेवाले कोणी वाचत असाल तर हे तुमच्या उपयोगाचं आहे. चटईच्या दिवसांत पैसे त्या त्या वेळी रोख मिळायचे, सुटे नसले तर वही. मग ऑफिस झालं आणि ऑफिसात अकाउंट्स झालं. व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म आला, इंग्रजीत, कॅन्सल्ड चेक जोडा, पीओशिवाय, म्हणजे लेखी ऑर्डरशिवाय, बिल घेतलं जाणार नाही. मी म्हटलं, दुकान किती वर्षं चालू आहे ते मला काय विचारताय, तुमचे फॉर्म तुमच्या पहिल्या दिवसापासून मीच छापतेय. बिलं चार-चार महिने अडकायला लागली. शेवटी माझ्याकडे येणाऱ्या एका सीएने सांगितलं, काकू, तुमची उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी आहे ना? २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या कायद्यात आहे: लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असला तरी ४५ दिवसांच्या वर उधारी ठेवता येत नाही, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही असं आहे की मुदतीत पैसे न दिले तर देईपर्यंत तो खर्चच वजा मिळत नाही. मी हे सगळं एका कागदावर लिहिलं आणि अकाउंट्सच्या मुलाला फोनवर वाचून दाखवलं. आठ दिवसांत सगळं आलं. तेव्हापासून वेळेवर येतं. तो मुलगा आता मला "मॅम" म्हणतो, ते मात्र मला आवडत नाही.

पुनर्विकासाचं काम करतात तेही थोडक्यात. आमच्या जाऊबाईंच्या सोसायटीत हेच होते. सहकारी संस्थांच्या कायद्यातल्या कलम ७९-अ च्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे सभेला दोन तृतीयांश हजेरी लागते आणि ५१ टक्के सभासदांची संमती. तेवढी मिळाली की बाकीच्यांचं कोणी ऐकत नाही, असा सगळीकडचा अनुभव. यांनी घराघरांत जाऊन बायकांना आणि म्हाताऱ्यांना वेगळं विचारलं, हे जाऊबाईंना फार आवडलं. फी मात्र छोट्या सोसायटीला परवडण्यासारखी राहिलेली नाही. आठ-दहा घरांची इमारत असेल तर यांच्याकडे जाऊ नका, एखाद्या शहाण्या शेजाऱ्याला बसवा आणि वाटी-चमचा द्या.

पाचात चार देते. एक "इतर"साठी कापलाय.

२०२० नंतर त्यांचे बरेचसे फॉर्म टॅबवर गेले. माझ्या रिमा निम्म्याहून खाली आल्या, आणि बाणेरला त्यांच्या ऑफिसखालीच प्रिंटचं दुकान आहे. ते ठीकच आहे, इथून तिकडे कोण कशाला येईल. पण नवीन प्रश्नावली तयार झाली की टॅबवर चढवण्याआधी ती माझ्या व्हॉट्सॲपवर येते, खाली एक ओळ: "काकू, वाचून सांगा." मागच्या महिन्यात आली तिच्यात "आपल्या परिसराप्रती आपली आपुलकी" असं होतं. मी खोडलं.

वाचायचे आता पानाला पन्नास रुपये घेते. अकाउंट्सच्या मुलाने विचारलं, मॅम, हे बिलात कशाखाली दाखवू? मी म्हटलं, "इतर" लिही.